नापसंतबाई, खेप बारावी

यंत्र ओरडायला लागलं की शहाण्या माणसाने दोनच कामं करावीत. यंत्रवाल्याला बोलवावं, आणि तो येईपर्यंत आपले दोन्ही हात खिशात ठेवावेत. रंगरावांनी त्या मंगळवारी सकाळी यांतलं एकही केलं नाही. ते म्हणाले, "आपणच बघू." (संसारातले आणि धंद्यातले निम्मे घोटाळे 'आपणच बघू'मधून जन्माला येतात. उरलेले निम्मे 'त्यात काय मोठंसं'मधून.)

रंगराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बावीस वर्षं रंगाचं दुकान चालवल्यावर पाळण्यातलं नाव फक्त बँकेच्या आणि सासुरवाडीच्या लक्षात राहतं. शिक्षण बेताचं, पण माणूस मुरलेला. भिंतीवर हात फिरवून आत रंगाचे किती थर आहेत ते सांगायचे, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ते किती वेळा परत येणार ते. दुकानही तसंच मुरलेलं. पुढे काउंटर, मागे डब्यांच्या रांगा, आणि त्यांच्याही मागे काचेचं दार लावलेलं एक खोपटं. त्यात एक टेबल, एक पंखा आणि एक खुर्ची मावायची, म्हणून त्याला ऑफिस म्हणायचं.

या ऑफिसात फळीवर एक काळी पेटी होती. स्टोरेज सर्व्हर. पूर्वी सगळे फॉर्म्युले वह्यांत असायचे. कोणाच्या दिवाणखान्यात कुठला रंग, त्यात काळा सात थेंब, निळा एकोणीस थेंब, पिवळा अडीच, असं सगळं. मग एकदा एका वहीवर लाल ऑक्साईडचा डबा उपडा झाला आणि आसपासच्या चारशे घरांच्या भिंती एका मिनिटात एकाच रंगाच्या झाल्या. तेव्हा ही पेटी आली. आत दोन डिस्क. पेटी बसवणारा म्हणाला होता, "जे एकीवर, तेच दुसरीवर. एक गेली तरी दुसरी आहेच." रंगरावांना हे फार आवडलं होतं. दोन चपलांसारखं आहे म्हणाले. (एक चप्पल गेल्यावर दुसरीचं काय होतं, हा विचार त्यांनी केला नाही.)

पेटीत गिऱ्हाइकांची खरी नावं नव्हती. नावं विसरतात, स्वभाव विसरत नाहीत, हा रंगरावांचा अनुभव. म्हणून फाइली अशा: 'दाराला पिवळा मारणारा वकील', 'सासूला न सांगता आलेली', 'कटकट्या मास्तर, छत'. फॉर्म्युला लावला की मशीन रंग मिसळून एक लेबल बाहेर सोडायचं, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव, खेप, सगळे थेंब, आणि तळाशी 'वापरण्याआधी नीट हलवावे'. मशीन चालवणाऱ्या बाई, ज्यांना सगळं दुकान मिश्रणबाई म्हणायचं, लेबल काढताना आठवणीने टोपणनावाच्या जागी खरं नाव घालायच्या आणि ते झाकणावर चिकटवायच्या. मग रंगराव डबा देताना पोपटासारखं एकच वाक्य म्हणायचे, "झाकण फेकू नका हं, फॉर्म्युला त्यावर आहे." बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते त्यांना स्वतःला ऐकू येणं बंद झालं होतं.

तर त्या मंगळवारी पेटी टीं टीं करायला लागली. रंगराव चष्मा पुसत पुढे वाकले. दोन डिस्क, दोन दिवे. एक लाल, एक हिरवा.

आता इथे धंदा आडवा आला. दुकानातल्या मिसळायच्या मशीनलाही दोन दिवे आहेत. लाल पेटला म्हणजे मोटर चालू, हात लावाल तर बोट जाईल. हिरवा पेटला म्हणजे मोटर थांबली, झाकण उघडा खुशाल. बावीस वर्षं हेच डोळ्यांत भरलेलं. रंगरावांनी क्षणात निदान केलं. लाल दिव्याची डिस्क बिचारी काम करतेय, हिरव्या दिव्याची थांबलीय, आणि म्हणून पेटी रडतेय.

त्यांनी हिरव्या दिव्याची डिस्क ओढून काढली.

पेटी आतापर्यंत हुंदके देत होती, तिने हंबरडा फोडला. रंगराव म्हणाले, "थांब गं, तुझ्याच भल्याचं चाललंय." डिस्क हातात घेतली तर जड आणि कोमट. थांबली म्हणजे झालं काय असेल? माल तळाला बसला असेल. रंगाच्या धंद्यात आजारी डब्याला एकच औषध असतं. सहा महिने पडून राहिलेला डबा, वर पाणी, खाली दगड, तीन मिनिटं हलवा की पुन्हा लोण्यासारखा. हे औषध रंगरावांनी हजारो डब्यांना दिलं होतं, आणि एकाही डब्याने तक्रार केली नव्हती.

डबे हलवायचं मशीन काउंटरच्या शेजारीच. दुकानात त्याला घुसळणी म्हणायचे. रंगरावांनी डिस्क सकाळी घरून खांद्यावर टाकून आणलेल्या टॉवेलात गुंडाळली, चार लिटरच्या रिकाम्या डब्यात चिंध्यांत नीट बसवली, झाकण ठोकलं आणि डबा घुसळणीत अडकवला.

मिश्रणबाईंनी मान वर केली. "काय आहे त्यात?"

"डेटा."

"पातळ करायचाय की घट्ट?"

"तुम्ही तुमचं काम बघा," रंगराव म्हणाले आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. तीन मिनिटं धडधड धडधड. मग हिरवा.

डिस्क परत पेटीत बसवली. आतून कट्‌, कट्‌, कट्‌ असा आवाज आला, म्हातारं माणूस दाराची कडी चाचपतंय तसा. मग काहीच नाही. तिकडे लाल दिव्याची डिस्क एकटी तासभर कण्हत राहिली आणि साडेअकराला तिनेही मान टाकली. मिसळायच्या मशीनच्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'फाइल सापडत नाही.' कुठलीही फाइल. वकिलाचं दारही नाही आणि मास्तरांचं छतही नाही.

आणि नेमका तेव्हाच घरून फोन आला.

"अहो, रंगारी म्हणतोय डबा संपला. अर्धी भिंत झालीय. अजून एक चार लिटर पाठवा त्यातलाच."

रंगराव खुर्चीत बसले. बसले म्हणजे खुर्ची खाली होती म्हणून, नाहीतर जमिनीवरच बसले असते.

या भिंतीची हकिगत सांगायलाच हवी. बायकोला बाहेरच्या खोलीतली एक भिंत आईच्या स्वयंपाकघराच्या रंगाची हवी होती. आई गेली, घर विकलं गेलं, नव्या मालकाने ते पाडलं. शेवटच्या आवराआवरीत तिच्यात आणि तिच्या थोरल्या बहिणीत, अक्कात, एकीचा शब्द वर गेला आणि दुसरीचा खाली आला नाही. सहा वर्षं बोलणं नाही. त्या घराचा फोटो नाही, भिंतीचा टवका नाही. रंग फक्त बायकोच्या डोक्यात. "ओल्या साबणाच्या वडीखाली पाणी साचतं ना, तसला निळा. पण त्यात दूध पडल्यासारखा. आणि संध्याकाळी हिरवट दिसला पाहिजे." रंगरावांनी तीन महिन्यांत अकरा वेळा रंग करून नेला. ती प्रत्येक वेळी पुठ्ठ्यावरचा फटकारा खिडकीपाशी धरायची, बराच वेळ बघायची आणि म्हणायची, "नाही हो." अकराव्या खेपेला वैतागून रंगरावांनी फाइलीला नाव दिलं 'नापसंतबाई'. बाराव्या खेपेला ती पुठ्ठा गालाला लावून उभी राहिली. मग आत गेली आणि सहा वर्षांनी तिने अक्काला फोन केला. अक्का म्हणाली, "येते या रविवारी."

आणि तो बारावा फॉर्म्युला आता घुसळून झाला होता.

"अहो, ऐकताय ना?"

"मशीन दुरुस्तीला गेलंय," रंगराव म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस पहिल्याच खेपेला नको तेवढं मोठं खोटं बोलतो. "पार्ट बाहेरून यायचाय. शनिवारी नक्की."

"रविवारी अक्का येतेय."

"मला माहीत आहे."

"अर्धी भिंत बघून ती म्हणेल, तुझं सगळं अर्धवटच असतं. लहानपणापासून म्हणते."

"शनिवारी नक्की," रंगराव पुन्हा म्हणाले, आणि दोन्ही मेलेल्या डिस्क पिशवीत घालून निघाले.

मेलेल्या डिस्कमधला माल काढून देणारा एक माणूस होता. सगळे त्याला डिस्कडॉक्टर म्हणत. किडकिडीत अंगयष्टी, हातात रबरी मोजे, डोक्यावर टोपी, आणि आवाज इतका बारीक की समोरच्याने ओठ वाचावेत. त्याने पहिली डिस्क दिव्याखाली धरली.

"पडली होती?"

"छे!"

"पाणी गेलं?"

"थेंबसुद्धा नाही."

"धक्का वगैरे?"

"धक्का असा नाही म्हणता येणार," रंगराव म्हणाले. "थोडी हलली असेल."

"किती थोडी?"

"तीन मिनिटं."

डॉक्टरने चष्मा काढला. "भूकंप होता का?"

डॉक्टरने चिमट्याने डिस्कच्या फटीतून एक गुलाबी धागा ओढून काढला, उजेडात धरला आणि काही न विचारता वाटीत ठेवला. मोठे डॉक्टर असेच असतात. रोग्याची अब्रू राखतात.

"ही लाल दिव्याची की हिरव्याची?"

"हिरव्याची. ती थांबली होती ना, म्हणून म्हटलं जरा..."

"हिरवा म्हणजे ठणठणीत. लाल म्हणजे बिघाड."

"असं कोणी ठरवलं?"

"जगाने," डॉक्टर पुटपुटला. "दोन भाऊ होते असं समजा. एक आजारी, एक पैलवान. तुम्ही पैलवानाला घराबाहेर ओढलंत, घुसळून मारलंत, आणि आजाऱ्याला म्हणालात, आता घरचं सगळं तूच बघ. तो किती वेळ बघणार?"

रंगरावांना त्या आजारी भावाबद्दल मनापासून वाईट वाटलं. पैलवानाबद्दल वाटायची हिंमत झाली नाही.

डॉक्टरने सांगितलं ते असं. घुसळलेली डिस्क गेली, तिच्या पोटात झाडू फिरवल्यासारख्या रेघा आहेत. लाल दिव्याची मात्र अजून धुगधुगी धरून आहे. दहा मिनिटं वाचायचं, तासभर थंड होऊ द्यायचं, पुन्हा दहा मिनिटं. मिळेल ते मिळेल. कधी दगा देईल सांगता येत नाही.

बुधवारी रंगरावांनी डोळ्याने रंग जुळवून बघितला. घरच्या भिंतीचा टवका खिशात घालून आणला, मशीनपाशी बसले, चार थेंब इकडे, दोन तिकडे. डब्यात बघितलं तर अस्सल. पुठ्ठ्यावर वाळला तर ओळखीच्या माणसाच्या चुलतभावासारखा. तोच, पण तो नव्हे. दोन निराळ्या भिंती असत्या तर खपला असता. एकाच भिंतीच्या दोन अर्ध्यांत, शेजारीशेजारी, तो विजारीच्या मागच्या ठिगळासारखा दिसला असता. आणि ज्या बाईने अकरा रंग परत पाठवले, तिला ठिगळ दिसणार नाही?

तेव्हा कुठे त्यांना झाकण आठवलं. झाकण! घरच्या डब्यालाही झाकण असणारच, आणि त्यावर लेबलही. रंगराव दुपारी जेवायला म्हणून घाईने घरी आले. डबा भिंतीपाशी होता, त्यात रंगाऱ्याचे ब्रश भिजत पडले होते. झाकण नव्हतं. आता विचारावं तर कसं? मशीन दुरुस्तीला गेलंय म्हटल्यावर झाकण कशाला हवं? एका खोट्याला सांभाळायला माणसाला किती गोष्टी न विचारता राहाव्या लागतात, याची यादी करायला बसलं तर कागद पुरणार नाही. रंगरावांनी सोफ्याखाली बघितलं. बाल्कनीतल्या कुंड्यांमागे बघितलं. कचऱ्याच्या डब्यात हात घातला.

"काय शोधताय?"

"चष्मा."

"डोळ्यांवर आहे."

"दुसरा."

"दुसरा कधी घेतलात?"

"घ्यायचाच आहे," रंगराव म्हणाले आणि खुर्चीत बसले. बायकोने चहा आणला. हल्ली खुर्चीशेजारच्या स्टुलावर एक पत्र्याची उथळ थाळी आली होती, चहा सांडला तर लाकडाला लागू नये म्हणून. रंगरावांचा चहा सांडतोच. त्यांनी कप थाळीत ठेवला, पुन्हा उचलला, आणि रंगाऱ्याने झाकण नक्की बाहेर फेकलं असणार अशी मनाची समजूत घातली.

गुरुवारी दुपारी ते जेवत असताना फोन वाजला. डॉक्टर. पलीकडून पुटपुट ऐकू आली. रंगरावांनी फोन कानात जवळजवळ घातलाच.

"डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. सगळं मिळेलच असं नाही. जी फाइल सगळ्यात महत्त्वाची, तिचं नाव सांगा. आधी तिच्यामागे लागतो."

समोर बायको बसली होती. तिचा घास हातात थांबला होता.

"नंतर सांगतो," रंगराव म्हणाले.

"नंतर ती नसेल."

"म्हणजे... ती एका बाईंची."

"बायका सोळाशे आहेत. नाव?"

रंगरावांनी डोळे मिटले. "नापसंतबाई."

"काय? मोठ्याने बोला."

माणूस स्वतः पुटपुटतो आणि दुसऱ्याला मोठ्याने बोल म्हणतो! "नापसंतबाई!" रंगराव ओरडले. "खेप बारावी!"

फोन ठेवला.

"कोण हो ही नापसंतबाई?" बायकोने विचारलं.

"एक गिऱ्हाईक आहे."

"फार त्रास देते?"

"विचारू नकोस. बारा वेळा रंग बदलून नेला. डोकं फिरायची वेळ आली."

"बिचारी," बायको म्हणाली.

"बिचारी ती कसली? बिचारा मी!"

"तेही खरंच," म्हणून तिने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. रंगराव मनात म्हणाले, सुटलो.

शनिवारी सकाळी डॉक्टरने एक नवी डिस्क आणि मिळालेल्या फाइलींची छापील यादी समोर ठेवली. जवळजवळ सगळा माल आला होता. वकिलाचं दार, मास्तरांचं छत, सासूला न सांगता आलेली, सगळे सुखरूप. रंगरावांचे डोळे भरून आले. डॉक्टर म्हणाला, "एकोणिसावं पान बघा."

एकोणिसाव्या पानावर होतं, 'पुटपुट्या, दोन खोल्या, राखाडी.'

"पत्ता माझा आहे," डॉक्टर म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

रंगरावांनी पान मागे उलटलं. दुसरं काय करणार? मग ते 'न' अक्षरापाशी आले. नापसंतबाई, खेप एक. खेप दोन. तीन. बोट खाली सरकत गेलं. नऊ, दहा, अकरा. पुढे 'निळ्याचा नाद लागलेले मामा'.

"बारावी?"

"तिच्या तुकड्यावरच डिस्क गेली," डॉक्टर म्हणाला. आता तो पुन्हा पुटपुटत होता, पण या वेळी मुद्दाम, हळुवारपणे. "अकरा सुखरूप आल्या. बारावी नाही आली."

म्हणजे नाकारलेले अकराच्या अकरा रंग जगले आणि हवा तो एक गेला. नशिबाचंसुद्धा बघा, नासकं फळ कधी हरवत नाही.

रंगराव दुकानात गेले नाहीत. सरळ घरी आले. बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. वरचा अर्धा भाग आईच्या स्वयंपाकघराचा, खालचा अर्धा जुना मळकट पांढरा. मध्ये रोलरची वाकडीतिकडी रेघ. उद्या अक्का या दारातून येणार, इथे उभी राहणार.

बायको चहा घेऊन आली. तिने कप स्टुलावर ठेवला आणि समोर बसली. "पार्ट आला का?"

रंगरावांनी सगळं सांगितलं. पेटी, दिवे, घुसळणी, डॉक्टर, पैलवान भाऊ, सगळं. मान खाली घालून. तीस वर्षांच्या संसारात इतकं सलग खरं ते कधी बोलले नव्हते.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "घुसळणीत घातलीत?"

"हो."

"टॉवेलात गुंडाळून?"

"हो."

"कुठल्या टॉवेलात?"

"गुलाबी."

"माझा नवा गुलाबी टॉवेल! मी तो चार दिवस शोधतेय!"

"अगं, टॉवेलाचं काय घेऊन बसलीस," रंगराव म्हणाले. "तुझा रंग गेला. अकरा आल्या, बारावी नाही आली. तुझ्या आईची भिंत होती ती. मला डोळ्याने जमेना, मी करून बघितला. उद्या अक्का येईल आणि म्हणेल, सगळं अर्धवट. आणि ते तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे."

बायको काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. पुठ्ठा खिडकीपाशी धरून बघायची ना, तशी.

"कप उचला," ती म्हणाली.

"चहा नको मला."

"पिऊ नका. नुसता उचला."

त्यांनी कप उचलला. बायकोने ती पत्र्याची थाळी घेतली, पदराने पुसली आणि उलटी केली. थाळी कसली, चार लिटरच्या डब्याचं झाकण. उलट्या बाजूला, एका थेंबाचाही डाग न पडलेलं, कोरं करकरीत लेबल. काळा, निळा, हिरवा, सगळे थेंब ओळीने. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत: 'गिऱ्हाईक: नापसंतबाई. खेप: १२.'

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा कपाखाली होता, आणि वळसा घालून आल्यावर रंगराव रोज दोनदा त्याच्यावरच चहा ठेवत होते.

"हे... हे कधीपासून इथे आहे?"

"डबा आला त्या दिवसापासून. तुम्हीच सगळ्या गावाला सांगता ना, झाकण फेकू नका. मी नाही फेकलं. लेबल भिजू नये म्हणून उलटं ठेवलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात मशीन दुरुस्तीला गेलंय. मशीनच नाही, तर झाकण काय डोक्यावर घेऊन नाचू?"

रंगरावांची नजर लेबलावरच्या पहिल्या ओळीवर अडकली, आणि त्यांना गुरुवारचं जेवण आठवलं. "म्हणजे परवा, फोनवर... तुला माहीत होतं?"

"बिचारी म्हटलं ना मी," बायको म्हणाली. "जा आता. रंगारी चारला येतो."

रंगराव झाकण छातीशी धरून दुकानाकडे धावले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी भर रस्त्यात चप्पल हातात घेऊन धावणारा व्यापारी लोकांनी पहिल्यांदाच पाहिला. मिश्रणबाईंनी लेबल वाचलं, आकडे भरले, लाल दिवा लागला, हिरवा लागला.

"मिश्रणबाई, सगळ्यांच्या लेबलावर नाव बदलता. माझ्याच घरच्या डब्यावर का नाही बदललंत?"

"घरचंच माणूस आहे, म्हटलं राहू दे," त्या म्हणाल्या. "डबा आता मी हलवते. तुम्ही जरा बाहेर उभे राहा."

भिंत संध्याकाळी पूर्ण झाली. सांधा शोधून सापडला नाही.

रविवारी अक्का आली. हातात पिशवी, चेहरा सहा वर्षं इस्त्री केलेला. दारात चप्पल काढता काढता तिने मान वर केली आणि एक चप्पल पायातच राहिली. ती तशीच भिंतीपाशी गेली, तिने तळवा भिंतीवर ठेवला.

"इथे खिळा होता," अक्का म्हणाली. "कॅलेंडरचा."

"डावीकडे होता," बायको म्हणाली.

"उजवीकडे."

"डावीकडे, अक्का. उजवीकडे होता तो गाळणीचा."

"मला सांगतेस? तुला तेव्हा ओट्यावरचं दिसत तरी होतं का!"

त्यावरून दोघी पाऊण तास भांडल्या. भांडता भांडता एकमेकींना चिकटून बसल्या, आणि मग कोणाच्या डोळ्यांतलं पाणी कोणी पुसलं ते सांगता येत नाही. रंगराव कोपऱ्यात कप हातात धरून उभे होते. (झाकण कपाटात कुलपाखाली गेलं होतं. तेव्हापासून त्यांचा चहा हातातच असतो.)

निघताना अक्का म्हणाली, "मलाही एक डबा हवा. माझ्या स्वयंपाकघराला."

बायकोने तो आदल्या दिवशीच मिश्रणबाईंकडून करून आणवला होता. रंगरावांनी तो आतून आणला, अक्काच्या हातात दिला, आणि बावीस वर्षांच्या सवयीने त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

"झाकण फेकू नका हं, फॉर्म्युला..."

दोघी बहिणींनी एकदम त्यांच्याकडे बघितलं. एकाच आईच्या दोन मुली कशा बघतात, ते रंगरावांना सहा वर्षांनी पुन्हा कळलं.

अक्काने पर्समधून चष्मा काढला आणि झाकणावरचं लेबल मोठ्याने वाचायला घेतलं. नाव या वेळी खरं होतं. खेप पहिली. थेंब सगळे बरोबर. शेवटची ओळ वाचताना मात्र ती थांबली, तिने धाकटीकडे बघितलं, आणि पुन्हा वाचली. ती ओळ मिश्रणबाईंनी जरा वाढवली होती.

'वापरण्याआधी नीट हलवावे. दुकानाच्या मालकाला हलवू देऊ नये.'